परत आलेल्या बायका

बाईंना दोन नावं आहेत आणि दोन्ही त्यांनी मागून घेतलेली नाहीत. विद्यापीठात त्या नुसत्या 'बाई'. सिनेमावाल्यांत त्या 'कात्री'. पहिलं नाव आदराचं आहे असं विद्यार्थी सांगतात. दुसरं कसलं आहे, हे विचारायच्या भानगडीत बाई कधी पडल्या नाहीत. कुणाची जाडजूड पटकथा हातात आली की त्या आधी तिची पाव पानं उडवतात, नमस्कार-चमत्कार नंतर. लिहिणारा रडकुंडीला येतो, घरी जाऊन आठवडाभर बाईंच्या नावाने बोटं मोडतो आणि मग खाली मान घालून सांगायला येतो, "बाई, तुमचं बरोबर होतं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता त्या चष्म्यावरून वरही बघत नाहीत. "पुढचं पान," एवढंच म्हणतात.

सिनेमाचा अभ्यास करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा ते कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. वडील कारकून, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "सिनेमा बघतात. त्याचा अभ्यास काय करायचा?" पुढे ज्यांच्या हाताखाली बाईंनी प्रबंध लिहिला, त्या मार्गदर्शकांनी हाच प्रश्न जरा जड शब्दांत विचारला. बाईंनी दोघांशीही वाद घातला नाही. त्या सरळ जाऊन सिनेमे बघत बसल्या. जुन्या सिनेमांचा एक सरकारी साठा होता, तळघरात. भिंतींना ओल, रिळांना आंबूस वास. तिथे ऐन उन्हाळ्यातही स्वेटर घालून, नाकाला रुमाल लावून, एका टेबलावरच्या लहानशा पडद्यावर त्या वर्षानुवर्षं रिळं बघत राहिल्या. बाकीचे संशोधक दिग्दर्शकांवर लिहीत होते, नटांवर लिहीत होते. बाई शेवट बघत होत्या.

त्यांचा विषय होता घर सोडून गेलेल्या बायका. सिनेमात बाई घर सोडते यात नवं काहीच नाही. नवऱ्याला कंटाळून जाते, बापाशी भांडून जाते, कुणाचा तरी हात धरून जाते, नाहीतर नुसतीच जाते. तीनेकशे सिनेमे बघून बाईंनी दाखवून दिलं, की ती कशीही गेली आणि कुठेही गेली तरी सिनेमा संपायला पंधरा मिनिटं उरली की दारात हजर होते. कुणीतरी तिला आणायला जातं, कुणीतरी आजारी पडतं, काहीच जमलं नाही तर तिचं तिलाच उमगतं. दार उघडतं, घरातले धावत येतात, व्हायोलिनं सुरू होतात आणि लोक चपला शोधायला लागतात. 'तिकिटाच्या पैशात बाई घरपोच मिळते,' असं एक वाक्य त्यांनी प्रबंधात लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि 'असंशोधकीय' असा शेरा मारला. बाईंनी प्रबंधातून ते काढलं आणि प्रबंधाचं पुस्तक झालं तेव्हा त्याच्या पहिल्याच पानावर टाकलं.

पुस्तकाने नाव दिलं, नाव झालं म्हणून शत्रूही झाले. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत समितीतले एक गृहस्थ पेन टेबलावर आपटत म्हणाले, "तुम्ही म्हणे लोकांच्या पटकथाही दुरुस्त करून देता. ते काही संशोधन नव्हे."

"नाही," बाई म्हणाल्या. "संशोधन फुकट वाटलं तरी कुणी वाचत नाही. सिनेमाला लोक रांग लावतात. म्हटलं, तिथे काय चाललंय ते आत जाऊन बघावं."

ते पद पुढे बरीच वर्षं लांबलं. मैत्रिणी म्हणाल्या, जिभेला जरा आवर घातला असतास तर काय बिघडलं असतं. बाईंना त्या उत्तराचा पश्चात्ताप झाला नाही. उलट, त्याहून चांगलं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं याचीच चुटपुट लागली.

पटकथांचं काम त्यांच्याकडे चालत आलं. एका जुन्या विद्यार्थ्याचं घोडं अडलं होतं. मध्यंतरानंतर गोष्ट पुढेच सरकेना. बाईंनी त्याला वर्गात बोलावलं, बाकं भिंतीला लावली आणि मधे खुर्च्या मांडल्या. एका पात्राला एक खुर्ची. ज्या प्रसंगात जी माणसं आहेत त्यांच्या खुर्च्या मधोमध. जी नाहीत त्यांच्या भिंतीशी. आणि भिंतीशी खुर्ची नेली की लिहिणाऱ्याने सांगायचं, हे माणूस या क्षणी कुठे आहे, काय करतंय. "पडद्यावर नाही म्हणजे मेलं का ते?" बाई विचारत. "कुठेतरी असेलच ना? सांगता येत नसेल तर खुर्ची उचला आणि बाहेर ठेवा. असलं माणूस गोष्टीत नको." दोन तास खुर्च्या ओढून झाल्यावर त्या मुलाला कळलं, की त्याच्या नायकाचा भाऊ अर्ध्या सिनेमात कुठेच नाहीये. भाऊ सापडला आणि गोष्ट मार्गाला लागली. ही पद्धत मग बाईंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. विभागातला शिपाई तिला संगीत खुर्ची म्हणायचा, आणि वर्ग पुन्हा लावायला लागतो म्हणून कुरकुरायचाही.

मोबदला ठीक मिळे. नाव मात्र मिळत नसे. सिनेमा संपल्यावर नावांची जी लांबलचक यादी वर सरकते, तिच्यात खूप खाली, जेवण पुरवणाऱ्यांच्या आसपास, 'विशेष आभार' म्हणून बाई असत. तोवर थिएटरात झाडूवाले शिरलेले असायचे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बाईंच्या पाठीमागे लोक ती सांगतातच. पुस्तकात ज्या शेवटाची त्यांनी सालटी काढली, तोच शेवट त्यांना धंद्यात पुन्हा पुन्हा लिहून द्यावा लागला. निर्माते म्हणत, नायिका घरी आली पाहिजे. बाई हुज्जत घालत, हरत आणि मग जमेल तितक्या नेटकेपणाने तिला घरी आणून सोडत. गोष्ट दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा, आपण फक्त वैद्य, अशी त्या मनाची समजूत घालत. समजूत पटत नसे. म्हणून निवृत्ती दोन वर्षांवर आली तेव्हा त्यांनी ठरवलं, आता एक पटकथा आपली. नाव आपलं, पडद्यावरच्या पहिल्या पाटीवर. आणि तीतली बाई गेली की गेली, परत यायची नाही.

गोष्ट त्यांना शोधायला लागली नाही. ती घरातच होती, रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून पेपर वाचायची आणि सुडोकू सोडवायची.

बाईंची ताई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताईचं कॉलेज सुटलं आणि घर गळ्यात पडलं. वडील, शाळेत जाणारी धाकटी बहीण, दूध, रॉकेल, धुणी. एका दुपारी ताई घरातून नाहीशी झाली. महिनाभर तिचा पत्ता नव्हता. वडिलांनी चौकशी केली ती इतक्या हळू आवाजात, की कुणाला ऐकू जाऊ नये. मग एक दिवस ती दारात उभी राहिली. बारा वर्षांच्या बाईंनी "ताई आली, ताई परत आली!" असं ओरडत जाऊन तिच्या गळ्यात उडी घेतली. वडील आतून आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चहा ठेव." तो विषय तिथे संपला. नंतर ताईला टेलिफोन खात्यात नोकरी लागली, वडील गेले. बाईंनी मधे लग्न केलं आणि सोडलं, दोन्ही फारसा गाजावाजा न करता, आणि दोघी बहिणी पुन्हा एका घरात राहू लागल्या. त्या महिन्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही.

पटकथेत बाईंनी ती दुपार घेतली, तो महिना घेतला आणि शेवट फिरवला. त्यांची नायिका दारात येत नाही. धाकटी बहीण दाराशी बसून राहते, संध्याकाळ होते, सिनेमा संपतो. ताईला त्यांनी सांगितलं, "काल्पनिक आहे हं सगळं."

"असेल," ताई सुडोकूतून मान न काढता म्हणाली.

या धंद्यात पटकथा कुणी वाचत नाही, ऐकतात. त्याला नॅरेशन म्हणतात. लिहिणाऱ्याने समोर बसून सगळा सिनेमा तोंडाने सांगायचा, सगळ्यांचे आवाज काढायचे, पाऊससुद्धा आपणच पाडायचा. बाईंना ते झकास जमतं. तीस वर्षं आळसावलेल्या पोरांना दुपारी जागं ठेवलं आहे त्यांनी. त्यांचाच तो जुना विद्यार्थी, हरवलेल्या भावाची गोष्ट लिहिणारा, आता नावाजलेला दिग्दर्शक झाला होता. तो त्यांना एका मोठ्या निर्मात्याकडे घेऊन गेला. चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, बर्फासारखं गार, सोफा इतका मऊ की त्यात बसलेला माणूस भांडूच शकणार नाही. निर्माते मन लावून ऐकत होते. एकदा तर त्यांनी वाजणारा फोन उलटा करून ठेवला, आणि दिग्दर्शकाने बाईंना खुणावलं, की हे फार मोठं लक्षण आहे.

शेवट ऐकल्यावर मात्र निर्मात्यांचा चेहरा पडला. "येत नाही?"

"नाही."

"बाई, मी हा सिनेमा करतो. पैसे लावतो, चांगली नटी घेतो, तुमचं नाव पहिल्या पाटीवर. पण ती परत आली पाहिजे. दोन तास आम्ही त्या पोरीबरोबर दाराकडे डोळे लावून बसलोय. तुम्ही आम्हाला तसंच घरी पाठवणार?"

दिग्दर्शक खाली बघत राहिला. त्याला बाईंचं पुस्तक तोंडपाठ होतं, परीक्षेला होतं.

या धंद्यात आणखी एक रीत आहे. कुणीही कुणाला नाही म्हणत नाही. 'कळवतो' म्हणतात. आज ना उद्या गरज पडेल, म्हणून तोंडावर नकार द्यायचा नाही. फोन उचलणं बंद करायचं, की समोरचा काय ते समजतो. बाईही म्हणाल्या, "कळवते," आणि उठल्या.

घरी येईपर्यंत त्यांचं डोकं फिरलं होतं. राग निर्मात्याचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता, कारण येताना बसमध्ये त्यांच्या मनात नकळत तिला परत आणण्याचे तीन मार्ग तयार झाले होते आणि तिन्ही चांगले होते. सवय वाईट. त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवतालच्या खुर्च्या ओढल्या आणि हॉलमध्ये मांडल्या. वडिलांची, धाकटीची, शेजारणीची, नायिकेची. ताई दाराशी उभी राहून बघत होती. पाय दुखत होते म्हणून असेल, ती येऊन नायिकेच्या खुर्चीवर बसली.

"तिथे नको बसूस. ती आता जाते."

"मग मलाही ढकल की भिंतीशी."

बाईंनी ताईसकट खुर्ची भिंतीशी सरकवली. मधल्या खुर्च्यांकडे वळून त्या वाचू लागल्या. वडील ऑफिसातून येतात. धाकटी शाळेतून येते. शेजारीण डोकावते. एक महिना जातो.

"मी कुठे आहे?" भिंतीकडून आवाज आला.

"काय?"

"तुझ्या पोरांना विचारतेस ना? पडद्यावर नाही म्हणजे मेलं का ते. महिनाभर मी इथे भिंतीशी बसलेय. कुठे आहे मी?"

बाईंनी हातातले कागद बघितले. 'एक महिना जातो,' असं त्यांच्याच हाताने तिथे लिहिलेलं होतं. वर्गात एखाद्या पोराने हे वाक्य आणलं असतं, तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

"ताई, हे काल्पनिक—"

"काल्पनिक म्हणे. बाबांचा खोकला तोच, फुटक्या कानाची किटली तीच, आणि शेजारीण तर नावासकट ठेवली आहेस." ताईने पाय लांब केले. "तीनशे सिनेमे मोजलेस बेबे तू. बाई कशी गेली आणि कशी परत आली. मधे ती कुठे होती, हे एकदाही तुझ्या डोक्यात आलं नाही. सिनेमातलीचं सोड, मी रोज तुझ्यासमोर बसून चहा पीत होते."

घरात बाईंना बेबी म्हणतात. छप्पन्न वर्षांच्या, डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला त्या हाकेने एकदम बारा वर्षांचं करून टाकलं. बाई धाकटीच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

ताईने सांगितलं. बसने जाण्याइतक्या अंतरावर एक मोठं गाव होतं. तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिला काम मिळालं. चादरींच्या घड्या करायच्या. समोरासमोर दोघींनी उभं राहायचं, चादर ताणायची, एक पाऊल पुढे यायचं, टोकं जुळवायची. तिच्यासमोर असायची ती बाई कामावर शीळ घालायची. तिने ताईलाही शिकवली. दोघी इतक्या हसायच्या, की वरून परिचारिका ओरडायला यायची, की खाली लग्न आहे का. धुलाईघराच्या माडीवर तिघींची एक खोली होती. सुट्टीच्या दिवशी ताई ऊन अंगावर येईपर्यंत झोपायची. कुणाचा डबा नाही, कुणाचं दूध नाही. "मी दुःखात होते असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात," ताई म्हणाली. "अशी मजेत मी त्याआधी कधी नव्हते."

"मग परत का आलीस?"

"मी परत आले नव्हते." ताईने हे अगदी सहज सांगितलं. "सामान न्यायला आले होते. दार उघडलं, तू गळ्यात पडलीस, परत आली म्हणून गल्लीभर ओरडलीस. बाबा म्हणाले चहा ठेव. मी ठेवला. म्हटलं, चहा झाल्यावर सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू. मग तुझी परीक्षा आली."

"म्हणजे माझ्यामुळे—"

"आता तू रडकथा करू नकोस हं. तू बारा वर्षांची होतीस, तुझा कसला राग? पुढे माझी नोकरी चांगली झाली, आयुष्य चांगलं गेलं. पण मी परत आले असं माझ्या तोंडावर चव्वेचाळीस वर्षं म्हटलं जातंय, आणि ते खोटं आहे."

बाईंनी पुढचा दीड महिना फक्त मधला भाग लिहिला. वर्गातून घरी येऊन त्या ताईला धारेवर धरायच्या. चादर ओली असते की वाळलेली? खिडकी कुठल्या बाजूला? ताई वैतागायची आणि सांगायची. एकदा दोघींनी हॉलमध्ये डबलबेडच्या चादरीची घडी करून बघितली, आणि बाईंना शीळ येत नाही हे सिद्ध झालं. जो महिना एका ओळीत उरकला होता, तो आता पटकथेच्या निम्म्याहून जास्त झाला. शेवटही बदलला. नायिका आता दारात येते, धाकटी गळ्यात पडते, वडील चहा ठेव म्हणतात. आणि ती म्हणते, "चहा नको. मी सामान न्यायला आलेय." ताईचं जे राहून गेलं, ते बाईंनी नायिकेच्या तोंडी घातलं होतं. त्यानंतर ती खोलीत जाते, ट्रंक ओढत आणते आणि धाकटी ट्रंकेची दुसरी कडी धरते.

दुसऱ्या नॅरेशनला ताईही निघाली. "बघू दे तरी कोण ऐकतंय," म्हणाली. पण त्या बिल्डिंगमध्ये शिरताच तिला हुडहुडी भरली. मग ती खालीच, दरवाज्याजवळच्या बाकावर उन्हात बसली आणि बाई एकट्या वर गेल्या.

चौथ्या मजल्यावर त्या दिवशी खोली भरलेली होती. निर्माते, दिग्दर्शक, कॅमेरामन, निर्मात्यांची दोन-तीन माणसं. बाईंनी चादरींच्या घड्या केल्या, ओरडणारी परिचारिका केली, शीळ मात्र नुसती सांगितली. लोक मोठमोठ्याने हसले. मग दार वाजलं, धाकटीने दार उघडलं, ती धावली. बाई क्षणभर श्वास घ्यायला थांबल्या.

"आली!" निर्माते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा, आली ना शेवटी परत! बाई, तुम्ही मोठ्या आहात."

कॅमेरामनने नाक पुसलं. दिग्दर्शकही हसत होता. बाई सगळ्यांकडे बघत राहिल्या. कुणी काही बोलायच्या आत या लोकांनी ठरवून टाकलं होतं, जसं ताई दारात आली त्या दिवशी घरात ठरलं होतं. त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. "चहा नको. मी सामान न्यायला आलेय."

खोलीतलं हसू विरलं. मग निर्मात्यांनी पुढे वाकून, अगदी मायेने, सांगितलं, "सिनेमा आपण करतोय. एक अक्षर बदलायचं नाही. ते चादरींचं तर फारच सुंदर. फक्त हे एक वाक्य काढा आणि ट्रंक काढा. ती दारात आली, मिठी, चहा ठेव, संपलं. करार तयार आहे."

"एकच वाक्य आहे, बाई," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, एका वाक्यासाठी अडून बसायचं नाही."

खरं होतं, त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी लोकांची हजारो वाक्यं उडवली होती. हे एक उडवलं, की पहिल्या पाटीवर नाव. आणि ते नाही उडवलं, तर या वयात पुन्हा अशी खोली, असे पाणावलेले डोळे मिळतीलच असं नव्हतं. हे त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यांनी कागद पिशवीत घातले. "कळवते," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टने खाली आल्या.

ताईने बाकावर जागा करून दिली. "काय झालं?"

"सगळं आवडलं. एक वाक्य सोडून."

कुठलं वाक्य, हे ताईने विचारलं नाही. "मग तू काय सांगितलंस?"

"कळवते म्हणाले. म्हणजे नाहीच. आमच्यात तसं म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत कळेल त्यांना."

"म्हणजे आत्ता वर सगळे काय समजतायत?"

"मी वाक्य काढतेय, असं समजत असतील."

ताई रस्त्याकडे बघत राहिली. समोरून शाळा सुटलेली मुलं चालली होती. "मी सामान काय न्यायला आले होते, ते तू मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. "त्या ट्रंकेत काय भरलंस तू?"

"कपडे. पुस्तकं."

"काही नव्हतं न्यायचं. दोन विटक्या साड्या होत्या, त्या कुणाला हव्यात. बेबे, मी गेले ना, तेव्हा तू शाळेत होतीस, बाबा कामावर. शेजारीण बघेल म्हणून मागच्या दाराने गेले, चपला हातात घेऊन. तिकडे सगळं छान होतं, तेवढं एक सलायचं. मी कुणाचं काही चोरलं नव्हतं, मग अशी का गेले? म्हणून आले होते. बाबांसमोर उभं राहून सांगायचं होतं, की मी जाते. आणि पुढच्या दाराने जायचं होतं, सगळ्यांच्या देखत. बाकी सगळं झालं आयुष्यात. तेवढं राहिलं."

बाईंनी पिशवी ताईच्या मांडीवर ठेवली आणि त्या उठल्या. लिफ्ट वरच्या कुठल्यातरी मजल्यावर अडकली होती. गुडघे ठीक नसताना त्या जिन्याने गेल्या, प्रत्येक मजल्यावर दम खात.

खोलीत आता फोनाफोनी सुरू झाली होती. कुणीतरी नटीच्या तारखा विचारत होतं. बाईंना दारात बघून निर्माते हात पसरून उभे राहिले. "या, या! मला खात्री होती. आलात ना परत?"

"परत नाही आले," बाई म्हणाल्या. धाप लागली होती, पण आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "नाही म्हणायला आलेय. वाक्य राहणार, ट्रंक राहणार. तुम्हाला नको असेल तर पटकथा माझ्याकडे राहणार."

फोनवरची माणसं बोलायची थांबली. दिग्दर्शक उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

"बाई, अहो हे फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं," निर्माते म्हणाले. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. त्या खोलीत 'नाही' हा शब्द कुणी उच्चारल्याचं त्यांना आठवत नसावं.

"तुम्हाला चाललं असतं," बाई म्हणाल्या. "मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि दाराने बाहेर पडल्या. जिना उतरून खाली आल्या तेव्हा ताई पिशवी काखेत मारून उभीच होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

ताईने एकदा वर चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघितलं. मग ओठांचा चंबू करून ती शीळ घालायला लागली, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, अडुसष्टाव्या वर्षी.